मधुमेह आणि व्यायाम : एका जुन्या उपदेशाचा इतिहास



सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रोग्याला केलेला उपदेश मोठा वाचनीय आहे. रोग बळावलेल्याने कुस्ती खेळावी, हत्ती-घोड्यांवरून रपेट करावी. निर्धनाने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षा मागत शंभर योजने चालावे, गाईंमागे हिंडावे, नाहीतर विहीर खणावी. श्रीमंताला खेळ आणि गरिबाला कुदळ, ही वाटणी आपणांस खटकते. पण त्याच ठिकाणी आणखी एक सूचना आहे : रोगी कृश असेल तर त्याला मात्र सदैव जपावे. व्यायाम कोणाला द्यावा आणि कोणाला जपावे, या प्रश्नाची उकल व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले. 1922 च्या जानेवारीत ते चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचले गेले. त्या काळी डॉ. आर. डी. लॉरेन्स हा तरुण स्कॉटिश वैद्य स्वतःच मधुमेहाने खंगत होता. घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरण नको म्हणून तो इटलीत फ्लोरेन्सला जाऊन राहिला होता. 1923 मध्ये लंडनहून मित्राने इन्शुलिन मिळाल्याचे कळविले, तेव्हा तशा अवस्थेत मोटार हाकीत तो परतला आणि पुढे पंचेचाळीस वर्षे जगला. याच लॉरेन्सने 1926 मध्ये दाखवून दिले की, इन्शुलिन घेऊन व्यायाम केला असता रक्तातील साखर अधिक वेगाने उतरते, इतकी की कधी धोका संभवतो. रोगी आणि संशोधक एकाच देहात नांदत असल्याचा हा लाभ म्हणावा लागेल.

पण त्या काळी मधुमेह म्हणजे इन्शुलिनची उणीव, एवढेच समीकरण होते. 1936 साली हिम्सवर्थ यांनी रुग्णांना ग्लुकोज आणि इन्शुलिन एकाच वेळी देऊन पाहिले. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. दुसऱ्या गटाचे शरीर इन्शुलिनला दाद देत नव्हते. बेर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी 1960 च्या सुमारास रक्तातील इन्शुलिन मोजण्याची रीत सिद्ध केली, तेव्हा प्रौढ वयातील अनेक मधुमेहींच्या रक्तात ते मुबलक आढळले. हाक होती, ऐकणारे कान मंदावले होते.

हे कान मुख्यत्वे स्नायूंचे. निरोगी माणूस चालू लागला की इन्शुलिन उतरते, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रिनॅलिन वाढतात, यकृत साखर सोडते आणि स्नायू ती ओढून घेतात. इन्शुलिनच नसेल तर यकृतावरचा लगाम सुटतो व व्यायामाने साखर उलट चढू शकते. सुश्रुताला इन्शुलिन ठाऊक नव्हते, पण कृश रुग्णास जपण्याच्या त्याच्या सूचनेत अनुभवाचे शहाणपण होते, असे मला वाटते.

पुढचे कोडे 1980 च्या दशकाच्या अखेरीस उलगडले. स्नायूच्या पेशीत ग्लुकोज आत घेणारे ग्लूट-4 नावाचे प्रथिन सापडले. ते एरवी आत दडलेले असते, इन्शुलिनच्या आज्ञेने पृष्ठभागी येते. मात्र स्नायू आकुंचन पावला की ते इन्शुलिनच्या आज्ञेवाचूनही वर येते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात समोरचे दार घट्ट झालेले असले, तरी हे मागचे दार शाबूत असते! शिवाय व्यायामानंतर स्नायू इन्शुलिनलाही अधिक दाद देऊ लागतात. ही अवस्था एक ते तीन दिवसच टिकते, म्हणून रविवारच्या एका लांब फेरीने आठवडा निभत नाही.

रोग जडण्यापूर्वीच तो रोखता येईल काय, हा प्रश्न चीनमधील दाचिंग येथे 1986 पासून तपासला गेला. साखर बिघडू लागलेल्या 577 जणांपैकी व्यायामाच्या गटात सहा वर्षांत मधुमेहाचा धोका 46 टक्क्यांनी घटला. आपल्याकडे चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी 531 जणांवर असाच प्रयोग केला. 2006 च्या त्यांच्या निष्कर्षांत आहार-व्यायामाने धोका 28.5 टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनने 26.4 टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. त्यात अंगमेहनत करणाऱ्यांना आणि रोज अर्ध्या तासाहून अधिक चालणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्यांना आहे तेच चालू ठेवण्यास सांगितले होते, आणि बाकीच्यांना रोज निदान अर्धा तास भरभर चालण्यास.