संकेत व प्रतिमा प्रक्रियेतील आलेख-प्रतिमान : सुरगाणा तालुक्याच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आलेख सिद्धांतात 'आलेख' म्हणजे शिरोबिंदू व त्यांना जोडणाऱ्या कडा यांची रचना होय. अक्षांवर काढलेली वक्ररेषा येथे अभिप्रेत नाही. प्रत्येक शिरोबिंदूवर पर्जन्यमान किंवा प्रकाशमानता यांसारखे मूल्य नोंदविले, की ती मूल्ये आलेखावरील 'संकेत' ठरतात. मात्र कोणते बिंदू परस्परांचे शेजारी मानावेत, हा या पद्धतीचा मूलभूत प्रश्न आहे.

ऐतिहासिक विकास :
कोनिग्सबर्गच्या सात पुलांविषयीच्या लिओनार्ड ऑयलर यांच्या १७३६ मधील विवेचनापासून आलेख सिद्धांताचा आरंभ मानला जातो. गुस्ताव्ह किरखॉफ यांनी १८४७ मध्ये विद्युत-जाळ्यांच्या अभ्यासात ही दृष्टी वापरली. जियानबो शी व जितेंद्र मलिक यांनी २००० मध्ये पिक्सेलांना शिरोबिंदू मानून व त्यांच्यातील साम्यानुसार कडांना भार देऊन प्रतिमेचे विभाजन केले. डेव्हिड शुमन, सुनील नारंग व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील आढावा-लेखाने या विद्याशाखेस सुसूत्र रूप दिले. येथे आलेखाच्या मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये वारंवारतेचे कार्य करतात व त्यांच्या समूहास वर्णपट म्हणतात.

परंतु वर्णपट म्हणजे संपूर्ण रचना नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख राहिलेले शरदचंद्र श्रीखंडे (१९१७-२०२०) यांच्या नावाने ओळखला जाणारा, १९५९ मधील आलेख याची साक्ष देतो. त्यात १६ शिरोबिंदू असून प्रत्येकास सहा शेजारी आहेत. ४ × ४ च्या बुद्धिबळ-पटावरील हत्तीच्या चालींचा आलेखही तसाच असून दोहोंचा वर्णपट एकच आहे. तथापि एका शिरोबिंदूचे सहा शेजारी हत्तीच्या आलेखात दोन त्रिकोण बनवितात, तर श्रीखंडे आलेखात एक षटकोन.

सुरगाण्याचा संदर्भ :
१९४८ मध्ये विलीन झालेल्या सुरगाणा संस्थानाचा प्रदेश आज नाशिक जिल्ह्यातील गुजरात सीमेवरचा तालुका आहे. पेठ, दिंडोरी व कळवण हे त्याचे जिल्ह्यातील शेजारी. तालुक्यांना शिरोबिंदू व सामाईक सीमांना कडा मानल्यास तिन्ही शेजारी समान ठरतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. नार व पार या सुरगाण्याच्या नद्या पश्चिमेस वाहतात. दिंडोरीचा बहुतांश भाग गोदावरी खोऱ्यात येतो. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने घटतो. समजा, सुरगाण्यातील एखाद्या पर्जन्यमापकाची नोंद खंडित झाली व ती सीमेवर आधारित आलेखावरून, शेजारच्या सरासरीने भरून काढली, तर पूर्वेकडील कमी पाऊस सुरगाण्याच्या माथी येईल. अशा नोंदीवर अतिवृष्टीची भरपाई ठरत असेल, तर गणिती सोय शेतकऱ्यावरील अन्याय ठरू शकते. खोरे व उंची यांनुसार कडांना भार दिल्यास मात्र पेठसारखा घाटाकडील तालुका अधिक जवळचा ठरतो.

निष्कर्ष :
आलेख-प्रतिमानाची विश्वसनीयता केवळ सूत्रांवर नव्हे, तर कडांच्या निवडीवर अवलंबून असते. ही निवड करताना गणितज्ञास भूगोल व स्थानिक इतिहास यांच्या अभ्यासकांची साथ आवश्यक आहे. आंतरविद्याशाखीय संशोधनाचे प्रयोजन येथेच सिद्ध होते.