पुत्र कोणास म्हणावे?

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मुलाचा बाप होणे ही केवळ घरगुती आनंदाची गोष्ट नव्हती. पुत्रावाचून गती नाही, श्राद्धाला व पिंडदानाला औरस नाही तर निदान दत्तक मुलगा हवाच, ही समजूत राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सारखीच दृढ होती. दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिले, अनेक विवाह करूनही त्यांचा वंश पुढे चालला नाही, आणि अखेर १८२७ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नानासाहेबांस दत्तक घेतले. १८५१ त बाजीराव वारले, तेव्हा आठ लक्षांचा तनखा दत्तकपुत्राकडे चालविण्यास कंपनी सरकारने साफ नकार दिला. तत्पूर्वी १८४८ त साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि शिवछत्रपतींच्या वंशाचे राज्य खालसा झाले. उतारवयात मुलगा मांडीवर घेणे ही त्या काळी राज्याच्या आणि परलोकाच्या वारसाची बाब होती. त्यात त्या मुलाच्या सुखदुःखाचा विचार क्वचितच होई.

त्याच १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. ती काढणारे जोतीराव फुले त्या वेळी एकवीस वर्षांचे होते, व त्यांच्या पत्नी सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. त्यांचा विवाह १८४० साली झालेला. वर्षांमागून वर्षे गेली, पण घरात पाळणा हलला नाही. अशा प्रसंगी त्या काळचा उपाय ठरलेला होता: दुसरी बायको करावी. वडील गोविंदराव यांनी मुलाला तसा आग्रह केला. जोतीरावांनी तो मानला नाही. मूल न होण्याचा दोष एकट्या स्त्रीचाच कशावरून, आणि त्यासाठी तिच्या उरावर सवत का आणावी, हा त्यांचा रोकडा सवाल होता. वडिलांची आज्ञा हीच धर्माज्ञा मानणाऱ्या त्या पिढीत असे उत्तर देणे सोपे नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यालाही १८७३ साली, प्रथम पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह करावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे जोतीरावांच्या नकाराचे मोल कळते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुत्रासाठी किंवा घर चालविण्यासाठी उतारवयाचे पुरुष जी लग्ने करीत, त्यांतील वधू बहुधा आठ-दहा वर्षांच्या असत. नवरा निजधामास जाई तेव्हा पुष्कळदा मुलगी अजून वयातही आलेली नसे. उच्चवर्णीय घरांत तिला पुनर्विवाहाची बंदी होती. पुढे ती कोणाच्या वासनेला बळी पडली, की दोष सर्व तिचा, पुरुष नामानिराळा. देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकाने १८९९ साली म्हाताऱ्या नवरदेवाची जी थट्टा उडविली, तिच्या पाठीमागे हा सगळा अंधार होता.

या अंधाराला जोतीरावांनी १८६३ च्या सुमारास हात घातला. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने लोकलज्जेस्तव आपल्या नवजात अर्भकाची हत्या केली, आणि न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हा निकाल ऐकून जोतीरावांनी आपल्या स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले व त्याच्या छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर चिकटविल्या. विधवांनी येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, असे ते आवाहन होते. बाळंतपणे सावित्रीबाई करीत. १८८४ साली सरकारला पाठविलेल्या निवेदनात जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला आहे: तोपर्यंत पस्तीस विधवा येथे येऊन प्रसूत झाल्या, त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत राहिली व तीस दगावली. गर्भ लपविण्यासाठी या स्त्रियांनी आधीच घेतलेली विषारी औषधे हे त्या मृत्यूंचे कारण त्यांनी नमूद केले आहे. तीस इवली प्रेते ज्या घराने पाहिली, त्या घराच्या धैर्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही.

१८७४ साली काशीबाई याच नावाची दुसरी एक विधवा येथे आली. तिला मुलगा झाला. तो जोतीराव-सावित्रीबाईंनी आपला म्हणून ठेवून घेतला व त्याचे नाव यशवंत ठेवले. जोतीराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते, सावित्रीबाई त्रेचाळीस. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्ने होण्याच्या त्या काळात या वयाच्या माणसाच्या मांडीवर नातवंडे खेळत. जोतीरावांच्या मांडीवर मात्र प्रथमच मूल आले, आणि तेही परक्या जातीच्या, समाजाने टाकलेल्या आईचे! शास्त्राप्रमाणे दत्तक स्वजातीतला, शक्यतो सपिंडातला हवा. येथे जात उलटी, गोत्र नाही, आणि पित्याचे नावही नाही. परंतु खुद्द जोतीरावांची आई ते वर्षाचे होण्यापूर्वीच वारली होती, व नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांस वाढविले होते. आईपण हे जन्म देण्यातच संपत नाही, याची प्रचीती त्यांना बालपणीच आली होती.

उतारवयातल्या बापाला एक चिंता कधी सोडीत नाही. मूल मोठे होईपर्यंत आपण असू ना? १० जुलै १८८७ रोजी जोतीरावांनी मृत्युपत्र करून ते रीतसर नोंदविले. ते साठ वर्षांचे होते आणि यशवंत तेरा वर्षांचा. मृत्युपत्राने त्यांनी यशवंतास वारस केले. पण त्यात एक अट घातली. तो दुर्वर्तनी निघाल्यास सावित्रीबाईंनी सत्यशोधकांच्या विचाराने माळी, कुणबी, धनगर इत्यादींपैकी लायक मुलगा त्याच्या जागी नेमावा. आजच्या वाचकाला ही अट कठोर वाटेल. परंतु पुत्रपद जन्माने मिळत नाही, ते आचरणाने मिळवावे लागते, हे जोतीरावांचे जन्मभराचे मत होते. स्वतःच्या मुलालाही त्यांनी त्यातून सूट दिली नाही.

पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. या संवादात्मक ग्रंथात प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये ‘यशवंत जोतीराव फुले’ हे नाव आहे. बापाने मुलाला ग्रंथात बसविले ते आज्ञा पाळण्यासाठी नव्हे, शंका विचारण्यासाठी! १८८९ च्या फेब्रुवारीत यशवंताचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा हक्क दत्तकाचा नव्हे, असा वाद भाऊबंदांनी काढला; तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले, असे सांगतात. वडिलांचा तो अखेरचा ग्रंथ यशवंतानेच १८९१ साली प्रसिद्ध केला.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळच्या माळरानावर त्याने रुग्णांवर उपचार केले, व सावित्रीबाई रोग्यांना तेथे आणीत राहिल्या. मुंढव्याच्या एका अस्पृश्य कुटुंबातील मुलास त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्याला जन्मतःच मारून टाकले गेले असते, तो मुलगा दुसऱ्यांचे प्राण वाचवीत होता.

त्यानंतर काळ पुष्कळ पुढे गेला. १९५६ च्या दत्तक कायद्याने जातीचे बंधन काढले व मुलीलाही दत्तक जाण्याचा मार्ग मोकळा केला. २०२२ च्या नियमांनी दोन वर्षांच्या आतील मूल घेणाऱ्या दांपत्याच्या एकत्रित वयाची मर्यादा पंच्याऐंशी ठरविली. मुलाला आईबापांची सोबत दीर्घकाळ लाभावी, हा त्यामागील हेतू रास्त आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या वयांची १८७४ मधील बेरीज मात्र नव्वद भरते! पुत्र कशासाठी हवा, या प्रश्नाला बाजीरावांच्या पिढीने ‘वंशासाठी’ असे उत्तर दिले होते. फुले दांपत्याने तो प्रश्नच फिरविला, आणि या मुलाला आईबाप हवेत, एवढेच पाहिले. कायद्याने पुढे जे मान्य केले, त्याची वाट पुण्यातल्या त्या घरातून गेली होती.