आतड्याचा कॅन्सर : त्रास नसतानाच तपासणी का?

शौचातून रक्त पडलं की आपण मूळव्याध समजून लाजेपोटी गप्प बसतो. तसं न करता डॉक्टरांना दाखवा.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा पॉलिप नावाच्या छोट्या गाठीतून होतो. त्याला साधारण १० वर्षं लागतात आणि तोवर त्रास जाणवतही नाही. म्हणून ४५ व्या वर्षापासून तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल, तर त्याआधीच.

फिट चाचणी : घरीच शौचाचा नमुना घ्यायचा. न दिसणारं रक्तही कळतं. दरवर्षी करावी. रक्त आढळल्यास कोलोनोस्कोपी हवीच.

कोलोनोस्कोपी : दुर्बिणीने आतडं तपासतात, पॉलिप बहुधा तिथेच काढतात. सगळं ठीक असल्यास पुन्हा १० वर्षांनी. आधी जुलाबाचं औषध घ्यावं लागतं. तातडी नसेल तर रमजाननंतरची तारीख घ्या.