फौजी माणूस आणि दारूचे माप



सातारा जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण गडांकडे आणि लढायांकडे सहज वळतो. घराघरांत रुजलेल्या सवयींनाही इतिहास असतो. तो मात्र सांगावयाचा राहून जातो. कृष्णा-तारळीच्या संगमावरील आपल्या उंब्रजच्या पंचक्रोशीत पलटणीत माणूस गेला नाही असे गाव क्वचितच सापडेल. उत्तरेस असलेल्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि पुढे ‘मिलिटरी’ हा शब्दच त्या गावाच्या नावाला जोडला गेला. पलटणीतून जे परतले ते पेन्शन, पदके आणि शिस्त घेऊन आले. कित्येकांनी गळ्यात माळ घातली आणि थेंबालाही शिवले नाही. कित्येकांबरोबर मात्र रमची सवयही घरी आली.

लष्करात दारू शिरली ती चैन म्हणून नव्हे, शिधा म्हणून. ब्रिटिश आरमारात रोजचा रमचा पेला ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होता. थंडी आणि भीती यांवर उतारा म्हणून खंदकांतही रम वाटली जाई. वस्तुतः दारूने ऊब येते हा भास होय. रक्त कातडीकडे धावते आणि अंगातील उष्णता उलट बाहेर पडते. तथापि त्या शिध्याला एक गुण होता. त्याला माप होते, वेळ होती, आणि पहाटे परेड ठरलेली होती. माप शिपायाच्या मनात नव्हते, ते व्यवस्थेत होते. चाळिशीच्या आतबाहेर तो निवृत्त झाला की बिगूल थांबतो, सोबती पांगतात, आणि पेला तेवढा मागे उरतो.

बाहेरून माप घालण्याचे प्रयत्न या मुलखात पुष्कळ झाले. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावोगाव दारूबंदीचा आग्रह धरला. मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी आणली. लष्करी मेस आणि कॅंटीन यांना त्यातून सूट होती. हा भेदभाव आहे, अशी तक्रार बालसारा खटल्यात झाली; सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ती सूट वैध ठरविली. पुढे माजी सैनिकालाही कॅंटीनमधून हुद्द्याप्रमाणे दरमहा ठरावीक बाटल्या स्वस्तात मिळू लागल्या. त्यामुळे फौजी माणसाच्या घरी बाटली असणे हा मानाचा भाग झाला. पाहुणा तिची वाट पाहू लागला आणि शेजारी ती मागू लागला. २००८ च्या नियमांनी गावातील स्त्रियांना मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याचा अधिकार दिला. परंतु ‘आडवी बाटली’ दुकान बंद करू शकते; घरातील कपाट ती बंद करू शकत नाही.

तेव्हा उरतो तो ज्याचा त्याचा निश्चय. त्याचेही एक मोठे उदाहरण एका सैनिकाचेच आहे. बिल विल्सन हा अमेरिकन १९१७ साली तोफखान्यात अधिकारी असताना पिऊ लागला, बरबादीच्या काठापर्यंत गेला, आणि १९३५ साली दुसऱ्या एका व्यसनी डॉक्टराबरोबर त्याने ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ सुरू केली. एकट्याला न पेलणारे ओझे चौघांत बसून हलके होते, हे त्यातले मर्म. पलटणीत राहिलेल्या माणसाला ते निराळे शिकवावे लागत नाही. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभे केले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ज्याला रोज भरपूर पिण्याची सवय आहे त्याने ती एकाएकी तोडू नये. हातापायांना कंप सुटतो, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. ज्याचे पिणे अजून आवाक्यात आहे त्याने पेले मोजावेत, काही वार कोरडे ठेवावेत, आणि कोट्यातील बाटली हक्काची असली तरी ती उचललीच पाहिजे असा नियम नाही हे ध्यानी घ्यावे.

ज्याने आयुष्यभर हुकूम पाळला त्याला स्वतःला हुकूम देणे जड जाते, यात नवल नाही. पण सरकारने दिलेले माप निवृत्तीबरोबर संपते. पुढचे माप त्याचे त्यालाच घालावे लागते. आणि त्यावर त्याची पेन्शन, त्याचे घर आणि गावातील त्याचा शब्द अवलंबून असतो.