माध्यमिक शिक्षक-शिक्षण : क्षमताधिष्ठित अध्यापनासाठी सुधारणा (भारत)

पाठ्यपुस्तकातला मजकूर आठवण्याऐवजी शिकलेले वापरता यावे, यासाठी केलेले अध्यापन म्हणजे क्षमताधिष्ठित अध्यापन. असे शिकवू शकणारे माध्यमिक शिक्षक घडावेत म्हणून विद्यापीठीय बी.एड. शिक्षणात चाललेले बदल येथे नोंदवले आहेत.

शिक्षक-शिक्षण विद्यापीठांपासून आणि शाळांपासूनही तुटले आहे, हे निदान कोठारी आयोगाने (१९६४–६६) केले होते. जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र चार वर्षे एकत्र शिकवण्याचा प्रयोग अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांत साठच्या दशकातच सुरू झाला. तो फारसा पसरला नाही. इतरत्र पदवीनंतरचे एक वर्षाचे बी.एड. हीच वाट राहिली.

बी.एड.मधली खरी अडचण सराव पाठात आहे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, मूल्यमापन, गृहपाठ अशा ठरीव पायऱ्यांचे टाचण छात्राध्यापक लिहितो, तासाभरात पाठ उरकतो आणि निरीक्षक शेरा देतो. पाठ कसा ‘झाला’ हे तपासले जाते, मुलांना काय जमले हे क्वचितच. ओहमचा नियम पाठ म्हणणारी मुलगी बिघडलेल्या मंडलातला दोष शोधू शकते का, हे पाहायला एका तासाचा पाठ पुरत नाही. त्यासाठी त्याच वर्गाला अनेक आठवडे शिकवावे लागते, वह्या वाचाव्या लागतात, चुकांमागचा विचार ओळखून पुढचा तास बदलावा लागतो.

महाराष्ट्रातील डी.एड. (शिक्षणशास्त्र पदविका) महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला. त्याच्या २०१२ च्या अहवालाने पदव्यांचा बाजार उघडा पाडला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील छात्रसेवाकाल २० आठवड्यांचा केला. छात्रसेवाकालाची ही वाढ हा त्या विनियमांतला सर्वांत मोलाचा बदल होय. मात्र अनेक ठिकाणी तो हजेरीपत्रकापुरता उरला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता व्हायची आहे. हा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्रत्येक विषयाच्या क्षमता मांडल्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकांत निम्मे गुण क्षमताधिष्ठित प्रश्नांना दिले आहेत. म्हणजे परीक्षा पुढे गेली, शिक्षकाची तयारी मागे राहिली.

अभ्यासक्रमाची वर्षे वाढवल्याने ही दरी आपोआप बुजत नाही. बी.एड.चे प्राध्यापक स्वतः नियमितपणे शाळेत शिकवतील, शाळेतील अनुभवी शिक्षकांना मार्गदर्शनासाठी वेळ व मानधन मिळेल आणि छात्राध्यापकाचे मूल्यमापन मुलांच्या कामाच्या आधारे होईल, तेव्हाच ही सुधारणा वर्गापर्यंत पोहोचेल.