तेलवाहू जहाज, चंद्र आणि पाणबुडी : ‘व्हॅनगार्ड’ची पंचावन्न वर्षे

१/ १६ जुलै १९६९. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून अपोलो ११ झेपावले आणि सुमारे बारा मिनिटांत पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचले. ती कक्षा योग्य आहे की नाही, हे तत्काळ कळणे आवश्यक होते. त्या वेळी यान अटलांटिक महासागरावर होते आणि खाली भर समुद्रात पंचवीस वर्षांचे एक जुने तेलवाहू जहाज आपल्या अँटेना त्याच्याकडे वळवून उभे होते. #थ्रेड #इतिहास

२/ त्या जहाजाचे नाव ‘व्हॅनगार्ड’. मूळ नाव ‘मिशन सॅन फर्नांडो’. दुसऱ्या महायुद्धात इंधन वाहण्यासाठी ते बांधले गेले, पुढे चांद्रमोहिमांसाठी संशोधन-जहाज झाले आणि अखेरची दोन दशके अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या सेवेत राहिले. या तीन कामांना जोडणारा एक प्रश्न होता : अथांग समुद्रात आपण नेमके कुठे आहोत?

३/ सुरुवात कॅलिफोर्नियातून. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी सॉसलिटो येथे १९४२ साली ‘मरिनशिप’ हा जहाजबांधणी कारखाना उभा राहिला. पॅसिफिकमधील युद्धाला इंधन हवे होते. विमाने, युद्धनौका, रणगाडे सारे तेलावर चालणारे, आणि रणभूमी हजारो किलोमीटर दूर. तेलवाहू जहाजांवाचून हे युद्ध लढणेच शक्य नव्हते.

४/ ऐन भरात या कारखान्यात सुमारे २० हजार माणसे राबत होती. त्यांत स्त्रियाही होत्या आणि दक्षिणेतील राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय कामगारही. १९४३च्या नोव्हेंबरमध्ये ‘मिशन सॅन फर्नांडो’ पाण्यात उतरले. त्याच महिन्यात तेथील कृष्णवर्णीय कामगारांनी संघटनेच्या वेगळ्या, दुय्यम शाखेत वर्गणी भरण्यास नकार दिला आणि त्यांच्या नोकऱ्यांवर गदा आली.

५/ त्यांचे पुढारी होते जोसेफ जेम्स, व्यवसायाने वेल्डर. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या संघटनेच्या सदस्यत्वावाचून नोकरीच मिळत नाही, तिला वंशाच्या कारणावरून पूर्ण सदस्यत्व नाकारता येणार नाही, असा निर्णय १९४४ साली झाला. ‘व्हॅनगार्ड’च्या लोखंडी पत्र्यांमागे हाही इतिहास आहे.

६/ कॅलिफोर्नियात स्पॅनिश धर्मप्रसारकांनी स्थापलेल्या मठांना ‘मिशन’ म्हणतात. मरिनशिपच्या अनेक टँकरांना याच मठांची नावे दिली गेली. सॅन फर्नांडोचा मठ १७९७ सालचा. जहाज मात्र अगदी आधुनिक होते : ‘टी-२’ वर्गातले, सुमारे १६० मीटर लांबीचे, सव्वा लाखाहून अधिक बॅरल तेल वाहणारे.

७/ टी-२ची यंत्रणा लक्षात घेण्याजोगी आहे. वाफेच्या टर्बाइनवर जनित्र फिरे, त्यातून वीज निर्माण होई आणि त्या विजेवरच्या मोटरने जहाजाचा पंखा फिरे. युद्धकाळात मोठ्या दातेरी चाकांचा तुटवडा होता, म्हणून हा मार्ग निवडला गेला. टंचाईतून निघालेली ही तोड होती. तिच्यामुळे या जहाजांत सुरुवातीपासूनच एक वीजघर बसलेले होते.

८/ १९४४च्या आरंभी जहाज सेवेत आले आणि युद्ध संपेपर्यंत पॅसिफिकमधील सैन्याला इंधन पोचवत राहिले. तेलवाहू जहाजाच्या कामाला युद्धकथांत स्थान नसते. युद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या वाहतूक विभागाने त्याचा वापर केला. पन्नाशीच्या दशकात अधिक मोठे टँकर आले आणि युद्धकालीन टँकर राखीव ताफ्यांत जाऊन पडू लागले.

९/ आता चंद्राकडे वळू. १८५ किलोमीटर उंचीवरून फिरणारे यान जमिनीवरील एका केंद्राला सुमारे १,५०० किलोमीटर परिघातच दिसू शकते. यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर. म्हणजे क्षितिजावर उगवण्यापासून मावळण्यापर्यंत जेमतेम साडेसहा मिनिटे! पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला. मग महासागरावर असलेल्या यानाशी बोलायचे कोणी?

१०/ उत्तर एकच : जिथे जमीन नाही तिथे जहाज न्यायचे. १९६४च्या सुमारास तीन जुने टँकर निवडले गेले : मिशन सॅन फर्नांडो, मिशन दे पाला आणि मिशन सॅन हुआन. मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे जनरल डायनॅमिक्सच्या गोदीत त्यांचे रूपांतर झाले. नवी नावे : व्हॅनगार्ड, रेडस्टोन आणि मर्क्युरी. तिन्ही नावे अमेरिकेच्या प्रारंभीच्या अवकाश-प्रयत्नांची आठवण देणारी.

११/ हे साधे डागडुजीचे काम नव्हते. जहाज कापून त्यात नवा मधला भाग बसवला गेला. लांबी १६० मीटरवरून १८१ मीटर झाली. जिथे तेलाच्या टाक्या होत्या तिथे संगणक, संदेशवहनाची दालने आणि तंत्रज्ञांच्या खोल्या आल्या. डेकवर यानाशी बोलणारी सुमारे नऊ मीटर व्यासाची बशीसारखी अँटेना, माग काढणारे रडार आणि उपग्रहामार्फत ह्यूस्टनशी संपर्क साधणारी यंत्रणा उभी राहिली.

१२/ टँकरच का? प्रशस्त पोकळ पोट, मुबलक वीज आणि महिनोन्महिने समुद्रात राहता येईल इतके इंधन वाहण्याची क्षमता. सोव्हिएत अभियंतेही याच निष्कर्षाला आले होते. १९७१ साली लेनिनग्राडमध्ये पूर्ण झालेले त्यांचे भव्य मागोवा-जहाज ‘कॉस्मोनॉट युरी गागारिन’ टँकरच्याच आराखड्यावर बेतलेले होते.

१३/ खरी अडचण मात्र वेगळीच होती. जमिनीवरचे रडार हलत नाही, त्याचे स्थान एकदा मोजले की झाले. जहाज वाहते, डुलते, दिशा बदलते. रडार सांगते, ‘यान माझ्यापासून इतक्या अंतरावर, या दिशेला आहे.’ पण ‘मी’ कुठे आहे हेच चुकले, तर यानाचे स्थानही तितकेच चुकते.

१४/ शिवाय जहाज वाकते! लाटांवर आणि उन्हाने तापल्यावर लांबलचक सांगाडा किंचित वळतो. एका टोकाच्या अँटेनेची दिशा जहाजाच्या मुख्य दिशादर्शक यंत्राच्या तुलनेत एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, जरी ढळली, तरी २,००० किलोमीटरवरच्या यानाच्या स्थानात सुमारे ५८० मीटरची चूक होते. म्हणून सांगाड्याचा बाक मोजणारी स्वतंत्र यंत्रणाच बसवावी लागली.

१५/ आणि ‘मी कुठे आहे’ याचे उत्तर? ते पाणबुड्यांकडून आले. पोलारिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्या आठवडेच्या आठवडे पाण्याखाली असत, तिथे तारे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी जायरोस्कोप आणि वेगबदल मोजणारी उपकरणे यांवर आधारलेली ‘इनर्शियल’ दिशादर्शन यंत्रणा तयार झाली होती. तीच या जहाजांवर बसवली गेली. तिच्या चुका सुधारण्यासाठी ताऱ्यांचा वेध घेणारी दुर्बीणही होती.

१६/ १६ जुलै १९६९च्या दिवसाकडे परत येऊ. अटलांटिकमध्ये ‘व्हॅनगार्ड’ने कक्षाप्रवेशाचा माग काढला. सुमारे पावणेतीन तासांनी पॅसिफिकवर यानाचे इंजिन पुन्हा पेटले आणि जवळपास सहा मिनिटांच्या त्या ज्वलनाने अपोलो ११ चंद्राच्या वाटेला लागले. तिथे ‘रेडस्टोन’, ‘मर्क्युरी’ आणि खास सज्ज केलेली विमाने तैनात होती. पंचवीस वर्षांपूर्वी याच महासागरातून ‘व्हॅनगार्ड’ने युद्धाचे तेल वाहिले होते.

१७/ अपोलो संपल्यावरही काम थांबले नाही. १९७३ साली ‘स्कायलॅब’ हे अमेरिकेचे पहिले अवकाशस्थानक वर गेले, तेव्हा दक्षिण अटलांटिककडील उणीव भरून काढण्यासाठी ‘व्हॅनगार्ड’ अर्जेंटिनातील मार देल प्लाता बंदरात नांगरलेले होते. जहाज आता अक्षरशः किनाऱ्यावरचे केंद्र झाले होते.

१८/ पुढे दळणवळण उपग्रहांमुळे मागोवा-जहाजांची गरज घटू लागली. एखाद्या जुन्या जहाजाची कथा इथे संपली असती. पण ‘व्हॅनगार्ड’कडे एक दुर्मीळ गुण होता : समुद्रात आपले स्थान विलक्षण अचूक जाणणारे ते तरंगते व्यासपीठ होते. पाणबुडीतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राला नेमके हेच हवे असते, कारण ते कुठून सुटले हे ठाऊक नसेल तर ते कुठे पडेल हेही सांगता येत नाही.

१९/ १९५६पासून पाणबुड्यांची दिशादर्शन यंत्रणा ‘कंपास आयलंड’ या जहाजावर तपासली जात असे. १९८० साली ते निवृत्त झाले आणि ती जबाबदारी ‘व्हॅनगार्ड’कडे आली. पोलारिसच्या जागी आता ट्रायडेंट क्षेपणास्त्रे होती. जे तंत्र पाणबुड्यांकडून उसने घेऊन माणूस चंद्राकडे गेला, त्याच तंत्राच्या पुढच्या पिढीची चाचणी आता चंद्रमोहिमांचे जहाज पाणबुड्यांसाठी करू लागले.

२०/ म्हणून ‘संशोधन-जहाज’ हा शब्द जपून वाचावा लागतो. शीतयुद्धात शांततेचे विज्ञान आणि युद्धाचे विज्ञान यांच्यामध्ये भिंत नव्हती, एकाच जहाजातली दोन दालने होती. चंद्रावर उमटलेल्या पावलांचे मोल याने कमी होत नाही. पण त्या पावलांचा पाया कशाकशाचा होता, हे यातून स्पष्ट दिसते.

२१/ ही गोष्ट केवळ परक्यांची नाही. २०१३ साली मंगळयान २८ ऑक्टोबरला निघायचे होते. पण दक्षिण पॅसिफिकमध्ये माग काढण्यासाठी निघालेले ‘नालंदा’ हे जहाज खराब हवामानामुळे वेळेत पोहोचले नाही आणि प्रक्षेपण ५ नोव्हेंबरपर्यंत पुढे गेले. ‘नालंदा’ आणि तिची जोडीदार ‘यमुना’ ही मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची मालवाहू जहाजे. मंगळाकडे जाणारी मोहीम एका मालवाहू जहाजासाठी आठवडाभर थांबली होती.

२२/ १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘वॉटर्स’ या नव्या जहाजाने ‘व्हॅनगार्ड’चे काम हाती घेतले आणि १९९९ साली नौदलाच्या यादीतून त्याचे नाव वगळले गेले. सॉसलिटोत ते सेवेत दाखल झाले, त्याला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती. अपोलोच्या छायाचित्रांत रॉकेट दिसते, अंतराळवीर दिसतात, ह्यूस्टनमधले टेबलांपाशी बसलेले अभियंतेही दिसतात. ती छायाचित्रे पुन्हा पाहाल तेव्हा चौकटीबाहेर, अटलांटिकच्या मध्यावर, एक जुना टँकर लाटांवर डुलत होता, हेही आठवावे.

(समाप्त)