पाचवीचं वर्ष हलक्यात घेऊ नका; नापासाचा नियम, नवोदयचा अर्ज आणि दाखल्यावरची नोंद आधीच बघा

बीड | प्रतिनिधी

जिल्ह्यातल्या बऱ्याच वाड्या-वस्त्या आणि तांड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे. चौथी झाली की दाखला काढायचा आणि शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलला पाचवीत नाव घालायचं, ही रीत जुनी आहे. पालकांच्या लेखी पाचवी म्हणजे तेवढंच, नवी शाळा आणि नवा गणवेश. पण गेल्या काही वर्षांत या एका इयत्तेला बरंच काही येऊन चिकटलं आहे. त्यातल्या काही गोष्टींची मुदत एकदा गेली की परत येत नाही.

सगळ्यात आधी नापासाचं. "आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही" हे वाक्य अजून गावोगावी ऐकू येतं. ते आता खरं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून परीक्षा सुरू झाली. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा असतो. त्यात १० गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ४० लेखीचे. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांत ३५ टक्के पडायलाच लागतात. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना पूर्वीसारखी श्रेणीच मिळते.

एखाद्या विषयात मूल कमी पडलं तर लगेच वर्ष जात नाही. शाळेने त्याला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची, असा नियम आहे. त्या पुनर्परीक्षेतही जमलं नाही तर मूल पाचवीतच राहतं. पण शाळेतून काढता येत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढायचं नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. "पोरगं कच्चं आहे, दाखला घेऊन जा" असं कुणी म्हटलं तर दाखला घेऊ नये, पुनर्परीक्षेची तारीख विचारावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नसराई आणि देवदेव चालू असतं, त्या गडबडीत ही तारीख निघून जाते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर याचा विचार दसऱ्याआधीच करायला हवा. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केजकडून कोयते निघतात ते दिवाळीच्या आगेमागे, आणि पट्टा पडून माणसं परत येतात मार्च-एप्रिलात. म्हणजे मूल सोबत गेलं तर पाचवीचे अर्ध्याहून जास्त दिवस गेले, आणि परतल्यावर काही दिवसांत वार्षिक परीक्षा. पूर्वी असं मूल सहावीत ढकललं जायचं. आता ते पाचवीतच अडकू शकतं. मुलगी असेल तर "आता राहू द्या शाळा" म्हणून तिला घरीच बसवण्याचा धोका जास्त.

यावर दोन सोयी आहेत. एक म्हणजे हंगामी वसतिगृह. आई-बाप तोडीला गेले तरी मुलं गावात आजी-आजोबांकडे राहतात, जेवणाची सोय तिथे होते. त्याची यादी पालक निघायच्या आधी शाळेतूनच होते, म्हणून मुलाचं नाव त्यात आलं की नाही हे गाडीत बसण्याआधी बघायचं. दुसरी सोय शिक्षण हमी कार्ड. मूल सोबत न्यायचंच असेल तर मुख्याध्यापकांकडून हे कार्ड घ्यायचं आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवायचं. कार्ड पेटीत ठेवून उपयोग नाही, मूल त्या शाळेत बसलं पाहिजे.

नवोदय एकदाच

पाचवीतली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ साली निघाली, त्यातलं एक आपल्या राज्यात अमरावतीला होतं. बीड जिल्ह्याचं विद्यालय गेवराई तालुक्यात गढीला आहे. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून काही मुलांकडून महिन्याला विकास निधी घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना तोही माफ असतो. सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी.

ही परीक्षा पाचवीत असतानाच देता येते आणि आयुष्यात एकदाच. पाचवीत दुसऱ्यांदा बसलेल्या मुलाला परवानगी नसते. अर्ज ऑनलाइन, फी काही नाही, आणि तो साधारण पावसाळ्यात भरावा लागतो. पेरणी-कोळपणीचे दिवस असतात, अनेकांना कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. परीक्षा हिवाळ्यात होते. ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. बुद्धिमत्तेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न. मराठीतून पेपर मिळतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये हे मुलाला बजावून सांगायचं.

ग्रामीण जागेची अट मात्र नीट वाचावी. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. यातल्या एखाद्या वर्षी थोडे दिवसही मूल शहरी शाळेत शिकलं तर ते शहरी धरलं जातं. म्हणजे नवोदयची तयारी चांगली व्हावी म्हणून तिसरी-चौथीतच मुलाला बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या शाळेत टाकलं, तर ज्या कोट्यात सगळ्यात जास्त जागा आहेत त्यातूनच ते बाहेर पडतं. क्लासवाले फी घेताना हे सांगतीलच असं नाही. पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतोय आणि राहतोय त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो, हेही तोडीवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सैनिकी शाळेची सहावीची प्रवेश परीक्षाही याच वर्षी देता येते. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ ची. पण तिथे फी असते, ती आधी विचारून घ्यावी.

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल सध्या सगळ्यात जास्त गोंधळ आहे. जुन्या लोकांना ती चौथी-सातवीची म्हणून माहीत, नंतर ती पाचवी-आठवीला गेली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणायचं ठरवलं. २०२५-२६ या वर्षात चारही इयत्तांना संधी ठेवली, आणि २०२६-२७ पासून ती नेहमीसाठी चौथी-सातवीची. म्हणजे ज्याचं लहान भावंडं आता तिसरी-चौथीत आहे, त्याने पाचवीची वाट बघत बसू नये.

दाखला हातात घेताना

शाळा बदलताना मिळणारा दाखला बहुतेकजण घडी करून खिशात घालतात. तिथेच उभं राहून वाचायला हवा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख शब्दांत आणि अंकांत, जन्मस्थळ, जात आणि पोटजात. पहिलीत नाव घालताना अंदाजे टाकलेली तारीख किंवा नुसती धर्माची नोंद पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत तशीच जाते. मग जात पडताळणीच्या वेळी आजोबांच्या शाळेतला प्रवेश निर्गम उतारा शोधत फिरावं लागतं. चूक असेल तर मूल शाळेत शिकत असतानाच पुराव्यासह मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा, तिथून तो शिक्षण खात्याच्या मंजुरीला जातो. शाळा सोडून गेल्यावर हे काम फार अवघड होतं. आधार कार्डावरचं स्पेलिंग आणि शाळेचं स्पेलिंग एकच आहे का, हेही तेव्हाच बघावं. नवोदयचा अर्ज भरताना अडतं ते इथेच.

दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कायद्यात तसं लिहिलं आहे. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा देणगीही घेता येत नाही.

जिल्हा परिषद शाळेतून खाजगी अनुदानित हायस्कूलला गेलं की काय बदलतं, तेही बघा. पाठ्यपुस्तकं मोफतच मिळतात, दुपारचा पोषण आहारही मिळतो, पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम तांदळाच्या हिशेबाने. पण शासनाचा मोफत गणवेश सरकारी आणि जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या शाळांनाच आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीचा वर्ग असेल तर खर्चाचा आणि अंतराचा हिशेब आधी मांडावा. एसटीने जायचं असेल तर मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे, मुलांना मासिक पासात सवलत आहे. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीही पाचवीपासूनच सुरू होते. तिचा प्रस्ताव शाळेने पाठवायचा असतो. वंजारी, बंजारा समाजातल्या पालकांनी मुख्याध्यापकांना एकदा विचारून घ्यावं.

अभ्यासाचं म्हटलं तर मराठी माध्यमात हिंदी पाचवीपासून येते, गणितात अपूर्णांक आणि दशांश येतात. पण मुलं अडतात ती त्याच्याही मागे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आपलं मूल कुठे आहे हे घरीच पाच मिनिटांत कळतं. दुसरीचं बालभारती घ्यायचं, एक धडा मोठ्याने वाचायला लावायचा. अडखळत, अक्षर जुळवत वाचलं तर वाचन कच्चं आहे. मग ६७५ ला ५ ने भागायला सांगायचं. १३५ आलं तर ठीक. आई-बापाला वाचता येत नसेल तर गल्लीतल्या नववी-दहावीच्या पोराला बसवावं.

हे एप्रिलमध्ये करून उपयोग नाही. सहामाहीचे पेपर झाले की दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत जाऊन तपासलेल्या उत्तरपत्रिका बघाव्यात आणि वर्गशिक्षकांना कोणता विषय ३५ च्या आत-बाहेर आहे ते विचारावं. तोडीला निघायच्या आधी गुरुजींना फोन नंबर देऊन जावं आणि वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक त्यावर मागवून घ्यावं.